बुलढाणा होतं म्हणून

आमचं घर म्हणजे डोणगावच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या. बाबा तिथं कंपाउंडर होते. डॉक्टर मेहकरहून आठवड्यातून एकदा, मंगळवारी यायचे. बाकीचे सहा दिवस गावाच्या लेखी बाबाच डॉक्टर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे औषधांची खोकी, कोरे फॉर्म आणि अधूनमधून येणारी खरमरीत पत्रं, सगळ्यांवर नागपूरचा शिक्का असायचा. सकाळी मला जाग यायची ती काचेच्या किणकिणाटानं. बाबा अंगणात बसून राखेनं बाटल्या घासायचे, उन्हात उपड्या घालायचे आणि मग डोसाच्या खुणांसाठी कागदाच्या पट्ट्या कातरायचे. चुलीजवळ माय ज्वारीची भाकरी थापायची, तो धप्प धप्प आवाज आणि ही किणकिण एकाच वेळी चालायची. घरात कार्बोलिकचा वास इतका मुरलेला होता की माय म्हणायची, "माह्या भाकरीले बी तुमच्या औषधाची चव लागते." बाबा हसायचे आणि ठेच्यावर तेल ओतून घ्यायचे.

बाबांची एका गोष्टीवर फार श्रद्धा होती, आणि ती देवावर नव्हती. औषधांच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "याच्यात नसलं तं मेहकरले असते. मेहकरले नसलं तं बुलढाण्याले, तठी नाही तं नागपूरले. औषध कोठीतरी असतेच." या वाक्यावर मी लहानपणी निर्धास्त झोपत असे. विंचू चावो, देवी येवो, कोणाचा हात कडबा कापायच्या अडकित्त्यात जावो, मला त्या कपाटामागं एकामागं एक उभी असलेली मोठमोठी कपाटं दिसायची.

किसनमामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, लढाईनंतर जपानात गेलेल्या फौजेत होता. तो काही बंदूक चालवणारा शिपाई नव्हता. फौजेच्या दवाखान्यात जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्याचं काम. तो परत आला तेव्हा त्याची लोखंडी पेटी उतरवायला अर्धी माळीगल्ली जमली होती. लोकांना लढाईच्या गोष्टी हव्या होत्या. मामा एवढंच म्हणाला, "थंडी लय राह्यते तठी." आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

जपानवर पडलेल्या त्या बॉम्बची बातमी गावाला आधीच ठाऊक होती. दोन-अडीच वर्षांपूर्वी वर्तमानपत्र चावडीवर मोठ्यानं वाचलं गेलं होतं. एका विमानानं एक बॉम्ब टाकला आणि एक शहर गेलं, असं त्यात होतं. म्हातारी माणसं म्हणाली, मारुतीनं लंका जाळली तसं झालं असेल. आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, लढाई संपली ती त्या बॉम्बमुळे, तेव्हा पुष्कळांचे जीव त्यानंच वाचवले. शाळेत साखर वाटली. मी माझ्या वाटणीची खाल्ली आणि शेजारणीच्या हातावरची सांडलेलीही वेचून खाल्ली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. त्या दिवशी मला कोणाचीही कीव आली नव्हती.

मामा आल्यावर तो आजोबांच्या मळ्यात राहू लागला. वांगी, मेथी, मिरच्या, थोडा लसूण असा तो मळा. दुपारची शाळा सुटली की मी त्याची भाकरी घेऊन जायची. एकदा आम्ही दोघं वाफ्याच्या कडेला बसलो होतो. मोट नुकतीच थांबली होती, बैल उभ्या उभ्या रवंथ करत होते. तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली. विमान. आमच्याकडे विमान वर्षातून एखाद्या वेळी दिसायचं, दिसलं की पोरं ओरडत धावायची. मीही उठले. मामानं माझं मनगट धरलं, मला ओढत विहिरीच्या थारोळ्याच्या दगडी भिंतीआड नेलं आणि माझं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरलं. त्याच्या धोतराला ओल्या मातीचा वास होता. घरघर डोक्यावरून गेली, सुलतानपूरच्या दिशेनं विरली. मग त्यानं मला सोडलं.

"काऊन रे मामा? एकच तं होतं," मी म्हणाले.

"तठी बी एकच होतं," तो म्हणाला. "एकच हाय म्हनून तं लोकं पाहत उभे राह्यले. लय विमानं आले की लपाचं, हे त्याहिले ठाऊक होतं. एकट्याले कोन भेते?"

एवढं बोलून तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं कित्येक दिवस वाटत होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. त्यांच्या छावणीत एक जपानी दुभाषा होता, पूर्वीचा इंग्रजीचा शिक्षक, वयस्क माणूस. मामाला फौजेत राहून मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. त्या माणसाची बहीण बॉम्ब पडला तेव्हा शहरात नव्हतीच. ती दुसऱ्या दिवशी नवऱ्याला शोधायला गेली, राखेतून दोन दिवस हिंडली, नवरा सापडला नाही म्हणून घरी परत आली. अंगाला ओरखडासुद्धा नव्हता. पंधरा दिवसांनी ती केस विंचरायला बसली आणि फणीत केसांचा पुंजका आला. मग अंगावर निळे-जांभळे डाग उठले. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. "आगीत नव्हती, मारात नव्हती," मामा म्हणाला. "निसती चालली होती तठून. डॉक्टरले बी समजेना का मेली."

मी तेरा वर्षांची होते. त्या पावसाळ्यात मला मुदतीचा ताप येऊन गेला होता, आणि अशा तापानंतर केस गळतात हे आज मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फणीत केस आले. तिसऱ्या दिवशी जास्त आले. मी कोणाला सांगितलं नाही. केसांचा गुंता मुठीत लपवून न्यायची आणि मागच्या भिंतीच्या फटीत कोंबायची. रोज आरशात हिरड्या बघायची. दंडावर डाग शोधायची आणि पेरूच्या झाडावर खरचटल्याची खूण दिसली तरी ती थुंकी लावून पुसून पाहायची. ते विमान तर डोक्यावरूनच गेलं होतं. त्यानं काही टाकलं नाही हे मला कसं कळणार? जे दिसत नाही, ज्याचा वास येत नाही, ते आपल्या अंगणात, बाबांच्या उपड्या घातलेल्या बाटल्यांवर, माळवदावरच्या वाळत्या मिरच्यांवर पडलं असलं तर? मी मिरची खाणं सोडलं. पाणी पिताना डोळे मिटून प्यायची.

मायनं भिंत सारवायला काढली तेव्हा ते केस सापडले. तिनं मला समोर बसवलं आणि मी रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी मळ्यातून मामाला दवाखान्यात बोलावून घेतलं. बाबांना मी चिडलेलं फारसं पाहिलेलं नाही.

"पोरीच्या डोक्यात काय भरून राह्यला तू, किसन?"

"इचारलं म्हनून सांगतलं, दाजी."

"मानूस मरते, लढाईत जास्त मरते. म्हनून काय औषधच नाही म्हनतेत का? तठी काय डॉक्टर नव्हते? त्याहिले अक्कल नव्हती?"

मामानं फक्त कपाटाकडे पाहिलं. तो बाबांच्या नजरेला नजर देणं टाळतोय असं मला तेव्हा वाटलं होतं, पण आज वाटतं की त्याला बाबांचं मन मोडायचं नव्हतं. बाबांनी मला तापानंतरच्या केसगळतीची गोष्ट समजावून सांगितली आणि तेलाची बाटली दिली. भीती थोडी खाली बसली. गेली नाही.

त्याच हिवाळ्यात जिनिंगला आग लागली. गावाबाहेर कापसातून सरकी वेगळी करणारा एक लहानसा कारखाना होता, त्याला सगळे जीन म्हणत. हंगामात दिवसभर त्याची घरघर ऐकू यायची आणि हवेत रुईचे तंतू तरंगायचे. आत काम करणाऱ्या बहुतेक बायकाच. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, वांग्याचं भरीत होतं, आणि बाबांनी पहिला घास घेतला तेव्हा ती घरघर एकदम बंद पडली. नेहमीच्या आवाजाचं असं थांबणं विचित्र वाटतं. बाबांनी घास खाली ठेवला. मग ओरडा ऐकू आला.

दोन बैलगाड्यांत नऊ माणसं आणली. सात बाया, दोन पुरुष. रुईची आग क्षणात पसरते, पळायला सवडच देत नाही. त्यांच्या अंगावरची लुगडी कातडीला चिकटलेली होती. काहींची कातडीच हातमोज्यासारखी लोंबत होती. मी पुढं आयुष्यभर नर्सचं काम केलं, पुष्कळ पाहिलं, पण त्या दुपारचा वास अजून ओळखते. त्यांत कौसा होती, आमच्याच गल्लीतली, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, सासरहून बाळंतपणाला येऊन इथंच राहिलेली. मी तिला आवाजावरून ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

बाबा दवाखान्याच्या पायरीवर उभे होते आणि हलत नव्हते. त्यांच्या हातात कपाटाची किल्ली होती. कपाटात व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या पट्ट्यांचा एक डबा, जांभळ्या औषधाची एक बाटली, आणि वेदना मारायच्या मॉर्फियाच्या तीन नळ्या. तीनच. मामा मळ्यातून धावत आला होता. त्यानं बाबांच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि मला नि मायला कामाला लावलं.

"गोदे, पानी उकळ. मीठ टाकजो. आक्का, जेवढे जुने धोतरं-लुगडे असतील तेवढे फाड. गल्लीत सांग."

बाबा भानावर आले आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या माणसाकडे सुई घेऊन निघाले. मामानं त्यांना अडवलं. "जो वरडून राह्यला त्याच्यात दम हाय, दाजी. जे गप हायेत त्याहिच्याकडे पाहा."

गप्प असलेल्या चौघी होत्या, आणि नळ्या तीन. बाबांनी एकेकीची नाडी पाहिली. चौथीपाशी ते बराच वेळ बसले, मग उठले. ती कौसा नव्हती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, तिची नातवंडं गावात आहेत.

सगळे पाणी मागत होते. मामानं सांगितलं, एका वेळी चमचाभर, आणि थांबायचं नाही. मी कौसाच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत राहिले. "गोदे, माह्या तोंडाले काय झालं वं?" ती विचारायची. "काही नाही," मी म्हणायची. निम्मं पाणी तिच्या गळ्यावर सांडत होतं. मला पळून जायचं होतं. हे मला कबूल करायला हवं. मी तिथं राहिले ती शूर होते म्हणून नाही, मायनं दारात बसून लुगडी फाडायला घेतली होती आणि तिला ओलांडून जाता येत नव्हतं म्हणून.

पण बाहेर काय चाललं होतं तेही सांगते. तलाठ्याचा माणूस सायकलवर मेहकरला सुटला होता. तेल्यानं तेलाचा डबा आणून ठेवला, मामानं तो परत पाठवला, भाजल्यावर तेल नको म्हणून, तर त्यानं दूध आणलं. बायकांनी पेटीतली नीट घडी घातलेली मऊ लुगडी आणली, मरणाला म्हणून ठेवलेलं कोरं कापडसुद्धा एका म्हातारीनं आणलं. कोणी सावलीला ताडपत्री बांधली, कोणी माश्या वारत बसलं. दिवस मावळायच्या आत मेहकरहून डॉक्टर आले, बरोबर एका व्यापाऱ्यानं दिलेली लॉरी होती, तिच्यात कडबा अंथरून वर गाद्या टाकलेल्या. दोघी आमच्या ओसरीवरच गेल्या होत्या. सात जणांना लॉरीत घातलं आणि बुलढाण्याला नेलं. त्यांतलं एक जण वाटेत गेलं. सहा वाचले. कौसा चार महिन्यांनी परत आली, उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली, पण परत आली.

बाबा बुलढाण्याला तिला बघून आले त्या दिवशीची गोष्ट. अंगणात उन्हं होती. बाबा खाटेवर बसले होते, मामा खाली. बाबांच्या आवाजात खूप दिवसांनी जुना भरवसा होता. "पाह्यलं ना किसन, मोठा दवाखाना होता, मोठे डॉक्टर होते. बुलढाणा होतं म्हनून पोरगी वाचली."

मामा जमिनीवर काडीनं काहीतरी रेघोट्या ओढत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "हाव दाजी. तठी बुलढाणाच जळालं होतं."

बाबांना लगेच कळलं नाही. मामानं वर पाहिलं. "आपल्या इथं जीन जळाली. दवाखाना नाही जळाला. तुम्ही नाही जळाले. आक्काचे लुगडे, तेल्याचं दूध, सायकल, लॉरी, मेहकरचा डॉक्टर, सगळं जाग्यावर होतं. एवढं सगळं गाव नऊ जनाच्या मागं लागलं तवा सहा वाचले. तठी जे मदतीले आले असते तेच जळून पडले होते. डॉक्टर, नर्सा, पट्ट्या, पानी, रस्ता. त्या दुभाष्यानं मले सांगतलं, लोकं काकडीचे काप लावत होते अंगाले. साऱ्या शहराच्या डॉक्टरायपाशी दुसरं काही नव्हतं."

बाबा मग उठून दवाखान्यात गेले. मी दारातून पाहिलं, ते कपाट उघडून उभे होते, आणि काही काढत नव्हते. त्या दिवसापासून 'औषध कोठीतरी असतेच' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. माझी भीती मोठी झाली ती त्या दिवशी. तोवर ती माझ्या केसांची भीती होती.

पुढल्या पावसाळ्यात शाळेत झेंडावंदन होतं. सकाळची वेळ, जमीन ओली, आम्ही मुली रांगेत. हेडमास्तर चांगले शिकवायचे, मनानं वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांनी भाषण केलं. आता देश आपला आहे, आता तो बलवान व्हायला हवा, आणि आज बलवान तोच ज्याच्यापाशी तसला बॉम्ब आहे. आपल्या देशानंही तो करावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हात वर येईनात.

बाबा मागच्या बाकावर पोस्टमास्तरांशेजारी बसले होते. ते उभे राहिले. बाबा कधीच चारचौघांत बोलत नसत, शिवाय सरकारी नोकर. त्यांचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता.

"मास्तर, एक इचारू का?" ते म्हणाले. "जिनिंगच्या आगीत नऊ मानसं होते. माह्यापाशी तीन नळ्या होत्या. चौथीले मी काहीच नाही देलं. तिचे पोरं इथंच बसले हायेत. तसा बॉम्ब कोनाच्याही गावावर पडला, आपल्या नाही तं दुसऱ्याच्या, तं त्या गावच्या कंपाउंडरनं काय करावं? मले तेवढं सांगा. मी नागपूरले मागनी पाठोतो, ते औषध मागून घेतो."

कोणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, "कंपाउंडरबाबू, राष्ट्राचं बळ दवाखान्याच्या पायरीवरून दिसत नसतं."

"मले तं तेवढीच पायरी हाय," बाबा म्हणाले आणि खाली बसले. पुन्हा टाळ्या झाल्या नाहीत. मास्तरांनी राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं.

म्हातारपणी एकदा, आपल्या देशानं तसल्या बॉम्बची चाचणी केल्याची बातमी आली तेव्हा, माझ्या दारावर शेजारच्या मुलांनी पेढे आणले होते. मी पेढा घेतला आणि त्यांना बाबांचा प्रश्न विचारला. ती गोंधळली, 'आजी, तुम्ही घाबरू नका' म्हणाली. मी म्हटलं, घाबरते रे बाबांनो. अजून घाबरते.

त्या दिवशी झेंडावंदनाहून आम्ही घरी आलो तेव्हा मामा आमच्या आधीच येऊन चुलीपाशी बसला होता. तो शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. मायनं ताटं वाढली, अंबाडीची भाजी आणि भाकरी. बाबांनी भाकरी मोडली. मामानं ताटाला हात लावला नाही.

"दाजी, तुम्ही त्या चौथीचं सगळ्याहिच्या समोर सांगतलं," तो म्हणाला. "माहं एक राह्यलं हाय."

तो सांगू लागला. छावणीच्या फाटकाशी एकदा एक बाई आली होती. पाठीवर लेकरू बांधलेलं. लेकराच्या मानेवरची जखम बॉम्ब पडून दीड वर्ष झालं तरी भरत नव्हती. तिनं खुणा करून पट्टी मागितली. मामाच्या हातात पट्टीचा गुंडाळा होता.

"हुकूम नव्हता का तुले?" बाबांनी विचारलं.

"हुकुमाचं सोडा. कोनी पाहत नव्हतं. मीच भ्यालो. तठले लोकंच म्हनत, त्याहिले हात लावला का आपल्याले बी होते, आपले बी केस जातेत. मी मांगं सरलो. हातानंच जा म्हनलं. ते बाई कंबरेत वाकली, मले नमस्कार केला, अन् गेली."

माय तव्यासमोर बसली होती. तिनं वळून भावाकडे पाहिलं.

"मुलगा होता का मुलगी?" तिनं विचारलं.

मामा म्हणाला, "मी पाह्यलंच नाही, आक्का."